टपावरची होडी

पहाटे साडेपाच. सुतारमळ्यात अजून
गवळ्याची एम-एटी तेवढी जागी.
तेजलची कयाक पिवळी, तेरा फूट.
आमची आल्टो तिच्याहून आखूड.
गवळी रोज तेच विचारतो,
"वहिनी, वरात कुणाची म्हणायची ही?"

कॅरिअर उद्यमनगरात बेंड मारून घेतलेला,
त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या.
होडी पालथी घालायची, पाठ आभाळाकडे.
मग मी पट्टा पलीकडे फेकते
आणि बक्कल खणकन् दारावर आपटतं.
तो पोचा माझा. एकूण तीन झाले.

आप्पा ओट्यावर खुर्चीत. उजवा हात मांडीवर,
दोन वर्षं झाली, तो तिथंच असतो.
त्याआधी एकतीस वर्षं मार्केट यार्डातून
अहमदाबादपर्यंत गुळाचे रवे, ताडपत्रीखाली.
एक रवा भिजला नाही, असं ते सांगतात.
(एकदा भिजला होता. सासूबाईंना ठाऊक होतं.)

"आवळ. आवळ. बास!
होडी हाय ती, उसाची मोळी न्हवं.
चेपली तर पाण्यात वाकडी चालंल."

"पट्ट्याला एक पीळ दे.
सपाट ऱ्हायला की वाऱ्यात गातोय त्यो,
हळदीपातूर डोकं उठवंल."

"आता नाकाला दोरी, शेपटाला दोरी.
निरगाठ नको, पोरी. निरगाठ मारणाऱ्याला
सोडताना कोयता लागतोय.
सुरगाठ मार. धरंल बी, सुटंल बी."

डावा हात हवेत गाठ मारून दाखवतो.
उजव्यानं जे टोक धरायचं
ते तेजल धरते, हवेतच,
अगदी गंभीर तोंड करून.
मग कुठं मला खरी गाठ जमते.

दोरी तीच आहे. निळी, नायलॉनची,
एका टोकाला काडीनं जाळून गोळा केलेली.
त्या ऑगस्टात पंचगंगा आधी गल्लीत आली,
मग पायरीवर, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर,
आणि अंगणात आल्टोची चाकं सुटली.
खरंच. आत कुणी नसताना
ती हळूच फाटकाकडे वळली,
कुठं जायचंय ते तिचं तिला ठरलेलं.
आप्पा छातीभर पाण्यात उतरले
आणि गाडी नारळाला बांधली.
गाडी. नाकाला एक, शेपटाला एक.

आठव्या दिवशी परतलो तर ती तिथंच,
अर्धी कुंपणावर, आत चिखल आणि एक चप्पल.
दोरीनं बुंध्याला काचलं होतं,
पण गाठ एका ओढीत सुटली.

तेजल तेव्हा आठ वर्षांची.
रबरी बोटीत उचलून ठेवली तेव्हा
रडली नाही. जवानाकडं वल्हं मागितलं.

"हलवून बघ."
मी होडीचं नाक धरून हलवते.
होडी हलत नाही, गाडी हलते.
आप्पा बघतात, आणि काहीच म्हणत नाहीत.
म्हणजे बरोबर.
मागच्या टोकाला लाल फडकं,
माझ्या जुन्या ब्लाऊजची बाही.

पुईखडीचा चढ लागायच्या आधी थांबते,
तसा नियमच आहे त्यांचा.
नवी गाठ आधी बसती, मग खरं सांगती.
पट्टा बोटभर सैल झालाय.
आवळते तोवर फोन वाजतो.

"किती?"
"बोटभर."
"आवळलीस?"
"हो."

मग ते बोलत नाहीत, फोनही ठेवत नाहीत.
तिकडं एम-एटी गल्लीतून परत जाते.
इकडं तेजल मागच्या सीटवर झोपलेली,
तोंड उघडं, डोक्यावर तेरा फूट.

मी काच खाली करून ऐकते.
पट्टा गात नाही.