टक्के

बुधवारी सीपीआरच्या जिन्यात आमचा नंबर सदतीस.
पिशवीत आधार, रेशनकार्ड, चार फोटो,
शाळेनं नाव कमी केल्याचा कागद.

एकोणीस वर्षं पै-पाव्हण्यांत सांगत आले,
'जरा उशिरा उमजतंय, एवढंच.'
आज मॅडमपुढं उलटं:
नाही जमत. शर्टाची बटणं नाहीत, सुट्टे पैसे नाहीत,
गंगावेशीतनं एकट्यानं घरी येणं नाही.
त्या लिहीत होत्या.
हंबीर ऐकत होता.

मग ठोकळे मांडले.
लाल, निळा, लाल. पुढं?
ह्यानं निळा उचलला, बरोब्बर,
आणि माझ्याकडं बघून हसला.

टाळीला उठलेले हात
मी पदरात दाबून धरले.
चाळीस टक्क्यांच्या खाली भरला तर?

मॅडमनी खूण केली.

'चुकलं व्हय गं?'