दीड हात

केबलवाल्या झिंबरने डबी आणली ती ऐन पितृपक्षात.
चांगला दिवस बघून लावू, म्हणालो,
तर म्हणतो, काका, दिवस कंपनी ठरवते.

आधी ठेवली माजघरात, देवळीत,
निरांजनाच्या काजळीचा डाग आहे तिथे.
दोन कान उभे, हिरवे डोळे चार.
माजघरात बसलं की वारा भरलेला,
ओटीवर आलं की पडलेला.
आमचा चिरा. हातभर जाड.
चार महिने पाऊस पितो आणि ढेकर देत नाही,
त्याला हे काय!

मग माळ्यावर. तिथे उंदराने वायर कुरतडली.
मग ओटीवर, कंदिलाच्या खिळ्याला.
तिथून मात्र पोचलं:
सूनबाईचा, समिधाचा, कॉम्प्युटर भाताच्या कोठीवर,
भाडेकरू कोळेकर मास्तरांचा पडवीत,
नातवाचा जुना, ज्याचं 'र'चं बटण निखळलंय,
आणि सोसायटीच्या हिशेबाचा, जो मुश्ताक
संध्याकाळी पिशवीतून घेऊन येतो, कारण बर्फाच्या कारखान्यात
बर्फ आहे, बाकी काही नाही.
एक दोर घरात आला,
पुढे दोराशिवाय चौघांना पुरला.

पुरला म्हणजे आगरातल्या पाटासारखा.
वरच्याने आळ्यात वळवलं की खालची पोफळ सुकी.
मास्तरांनी सिनेमा उतरवायला घेतला
की कोठीवर समिधाचा साहेब
तोंड उघडं टाकून थिजतो.
ती ओरडते, "मास्तर, पाणी सोडा!"
मास्तर घाटावरचे.
पहिल्यांदा बादली घेऊन धावले होते.

पाटाला पाळी होती.
मंगळवार-शुक्रवार परसूदाचे, उरलेले आमचे.
त्या पाळीवरूनच फिसकटलं.
मग बांध, मग गडगा, मग मोजणीवाला,
मग गुहागरचं कोर्ट.
दीड हात जमीन. एकोणीस वर्षं.
तेवढ्यात एक रातांब्याचं झाड उभं आहे.
त्याचा रातांबा आम्ही उचलत नाही, ते उचलत नाहीत,
वानर खातात.
वानरांना समन्स निघत नाही.

परवा नातू म्हणाला, आजोबा,
या डबीच्या पोटात यादी असते, कोण कोण जोडलंय त्याची.
वाचून दाखवली. आई. मास्तर. मी. सोसायटी.
आणि एक पाचवा, नाव नसलेला,
रोज रात्री साडेदहा ते सव्वाअकरा.
"चोर आहे. काढू?"
थांब, म्हटलं. उद्या.

रात्री उठलो, या वयात कारण लागत नाही.
गडग्यापलीकडे परसूदाची खिडकी,
आमच्या बाजूची, मे महिन्यातही बंद असणारी,
सताड उघडी.
गजाला टेकवून कॉम्प्युटर, खाली तांदळाचं पिंप,
जितका आमच्याकडे सरकेल तितका सरकवलेला.
समोर केतकी, त्याची धाकटी,
स्क्रीनवरचं वहीत उतरवते आहे भराभर.
आणि मागे परसूदा, चष्मा कपाळावर,
पुठ्ठ्याने तिच्यावरचे डास हाकतोय.
न बोलता. अगदी सावकाश.
हा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात
माझ्या नावाने टेबल आपटतो.

पासवर्ड कुणी फोडला, विचारायची गरज नव्हती.
नातवाने दाव्याचा नंबरच ठेवला होता,
म्हणे घरात तो कोणी विसरत नाही.
तो पाठ असलेली
गावात दोनच घरं.

पुढची तारीख चौदा.
मी ती याच डबीवरून बघितली.
त्यानेही.

सकाळी नातू पुन्हा आला. काढू का?
राहू दे, म्हटलं.
"मग नाव काय देऊ? यादीत नाव नको?"
मी चहा बशीत ओतला. निवू दिला.
लिही, म्हटलं, प्रतिवादी.

दुपारी सगळी आडवी झाल्यावर
डबी खिळ्यावरून काढली
आणि उत्तरेकडच्या गजाला बांधली, सुंभाने.
पडवीत आता एक कांडी कमी येते.
मास्तर विचारतात, काय झालं हो?
वारा फिरला, म्हणतो.