शेवटी गोगलगाय

सासऱ्यांनी मला दाराशी बसवलं,
मांडीवर ओल्या मातीची पाटी, हातात बोरू.
म्हणाले, "तिशात, एकेक जोडी मोज.
नर डावीकडे, मादी उजवीकडे, खाडाखोड नको."
मी मधली सून.
खाडाखोडीची मुभा आमच्याकडे फक्त देवाला,
आणि तो तर अख्खी पृथ्वीच खोडायला निघालेला.

हत्ती आले, मुलाकडच्या वऱ्हाडासारखे,
कुठे बसवता बघू, अशा चेहऱ्याने.
गाढवांतलं एक आत आलं, एक परत गेलं,
मग आतलं त्याला समजवायला गेलं;
दुपार त्यातच सरली.
साळिंदराशेजारी कोण, या वादात
थोरले दीर आणि माझा नवरा दोन दिवस अबोल.
वाळवीची जोडी आली तेव्हा सासरे
नुसते बघत राहिले. तीनशे हात लांब नाव,
सगळी लाकडाची. पण हुकूम तो हुकूम.
सासूबाईंनी वाळवी दगडी रांजणात घातली,
वर झाकण ठेवलं, झाकणावर स्वतः बसल्या,
आणि जमीन दिसेपर्यंत उठल्या म्हणून नाहीत.

डांबरवाला उबार रोज यायचा.
"आतून-बाहेरून दोन हात दिलेत, शेकेल कधी?"
"पाऊस झाला की देतो," सासरे म्हणायचे.
उबार आभाळाकडे बघायचा.
आभाळ धुतलेल्या ताटासारखं.
समोरच्या पारावर शेजारी भाजलेले हरभरे खात बसलेले,
"काय म्हणतंय तुमचं पाणी?"
आमच्याकडे उत्तर नव्हतं, शेण मात्र भरपूर होतं.

सातव्या दिवशी आभाळ भरून आलं.
दार देव स्वतः लावणार होता,
त्याचा हात कडीवर गेलाच होता,
तेवढ्यात मी ओरडले, "थांबा! गोगलगाय!"
अंजिरापासून दारापर्यंत साठ पावलं.
ती जोडी महिनाभर चालत होती.
सगळे थांबलो. सिंह थांबले, देव थांबला,
ढग थांबले, शू धरून उभ्या पोरासारखे.
उंबऱ्याशी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं,
"नर कोणता?"
दोघी गप्प.
"मग मादी कोणती?"
दोघी गप्प. पोटात पाय, तोंडात मूग.
मी वाकून नीट पाहिलं आणि म्हटलं,
"मामंजी, यांच्यात दोघंही दोन्ही आहेत."
सासऱ्यांनी वर बघितलं.
वरून काही खुलासा आला नाही.
मी पाटीच्या मधोमध रेघ मारली.

मग दार लागलं.
मग कोसळलं.
पहिल्या रात्री बाहेरून कुणीतरी ठोठावत होतं,
उबारसारखं, पैशांची घाई असल्यासारखं.
मग ते थांबलं.
त्या रात्री आमच्यात कुणी कुणाशी बोललं नाही,
गाढवंसुद्धा.

पुढचं सगळं ओलं.
पाणीच पाणी, आणि एक कपडा वाळेना.
कावळा सोडला, तो गेला तो गेलाच;
धाकटी जाऊ म्हणाली, शहाणा निघाला.
कबुतर परतलं, चोचीत ऑलिव्हचं पान.
सासरे रडले, मुलगे पाया पडले.
सासूबाई रांजणावरून म्हणाल्या,
"एका पानात आठ माणसांची भाजी कशी करू?"
तोवर ते शेळीने खाल्लं.

डोंगरावर टेकलो. फळी टाकली.
वर्षभर एकमेकांचा वास घेतलेले सगळे
मागे वळून न बघता पांगले.
हत्तींनी निरोपसुद्धा घेतला नाही.
मी पाटी घेऊन बसले: गेले, गेले, गेले.
गोगलगायी फळीवर होत्या.
सासऱ्यांनी द्राक्षाचा वेल लावला.
गोगलगायी फळीवर होत्या.
वेलाला घोस आले, रस काढला, मुरवला,
सासरे यथेच्छ प्याले, तंबूत उताणे पडले,
अंगावर एक चिंधी नाही;
मुलगे चादर धरून पाठमोरे, ठेचकाळत आत निघालेले,
आणि नेमक्या त्या घटकेला
पुढची गोगलगाय जमिनीला लागली.

शिंगं काढली.
इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.
तंबूकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
आणि सावकाश, मागचीला वळसा घालून,
ती पुन्हा फळी चढायला लागली.

मी ओली माती शोधतेय.