पहिल्या पडद्यापाशी

एकतीस वर्षं मी गिटारी केल्या.
म्हणजे अख्खी एकही नाही. पाराचोत एकटा माणूस
अख्खी गिटार क्वचितच करतो.
कुणी पोट घासतं, कुणी मान चिकटवतं,
माझ्या वाट्याला मानेच्या टोकाची हाडाची पट्टी
आणि तिच्यातल्या सहा खाचा.
दिवसाला चाळीस पट्ट्या, शनिवारी तीस.
वाजवता मात्र एक सूर येत नव्हता.

कारखाना सोडला त्या दिवशी
दोन फिदेन्सिओंनी एक गिटार हातात ठेवली, आमच्याच फळीवरची.
बायको म्हणाली, नाबोर, आता हिला भिंतीवर टांग.

मी टांगली नाही.

शेजारच्या एकिवांची युनुएन, वय अकरा,
दातांनाही तार बसवलेली,
दर मंगळवारी मला शिकवायला येते.
फी दोन गरम कोरुंदा, मलई वेगळी.

उजव्या हाताला कानस ठाऊक.
डावा बिचारा जन्मभर नुसता धरून बसलेला,
आणि आता सगळं त्याच्याच गळ्यात.
फा वाजवायचा तर पहिलं बोट आडवं टाकायचं
सहाही तारांवर, दाराला अडसर घालावा तसं.
मी घातला. चार तारा मुक्या राहिल्या,
पाचवी खोकली,
सहावीनं बोटात घर केलं.
हात बसेल, युनुएन म्हणायची, हात बसेल.
पावसाळा गेला. डोंगरावरून थंडी उतरली.
हात बसला नाही, कंबर मात्र धरली.

मी म्हणालो, ही गिटारच धड नाही.
बायको चुलीपासून न वळता म्हणाली,
नाचता येईना, अंगण वाकडं.

मग एका मंगळवारी युनुएनची तार तुटली
आणि तिनं माझी गिटार मांडीवर घेतली.
फा लावला. तोंड वाकडं केलं.
आजोबा, ही चावते.

ती गेल्यावर मी चष्मा लावला.
पहिल्या पडद्यावर, तारेखाली,
बसचं तिकीट सरकवलं. गेलं.
घडी घालून सरकवलं. गेलं.
चौघडी केली, तरी गेलं.
अंगण खरंच वाकडं होतं,
आणि ते मीच सारवलं होतं.

फिदेन्सिओंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
खाच उथळ ठेव.
तार खरखरली तर गिऱ्हाईक परत येतं,
बोटं दुखली तर स्वतःलाच नावं ठेवतं.
मी हसलो होतो. वीस वर्षांचा होतो.

आता गुणाकार करवत नाही.
खोक्यांवरची नावं तेवढी आठवतात:
चिवावा, लारेडो, ग्वायाकिल.
तिथे कुठल्याशा कपाटावर धूळ खात पडलेली एक,
आणि कुणीतरी बाई, आता चाळिशीची,
जेवताना सहज सांगते,
लहानपणी शिकत होते, पण माझ्या बोटांत नव्हतंच ते.
बाई, तुमच्या बोटांत होतं.
हे कुठल्या पत्त्यावर लिहू?

रात्री कानस काढली. बायकोनं दिवा धरला,
अंगणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.
एकेका खाचेला चार हात, मग फुंकर, मग दोन.
पांढरी भुकटी गुडघ्यांवर पडत राहिली.
तार लावली, अडसर टाकला,
पाच तारा बोलल्या. पाच!
कुत्रं उठून बाहेर गेलं.

हल्ली बसथांब्यावर कुणा पोराच्या पाठीला
स्वस्तातली गिटार दिसली की मी म्हणतो, जरा बघू.
काही जण देतात. काही जण बॅग घट्ट धरतात,
आणि तेही बरोबरच आहे.
कानस खिशातच असते, अस्तराला भोक पडलंय.

दुसरी तार अजून खरखरते.
खाच तपासली, पडदे तपासले, मान सरळ आहे.
म्हणजे ही खरखर माझी,
खास माझ्या बोटाची,
हिच्यावर कानस चालत नाही.
मंगळवारची वाट बघतोय.