टिश्यूच्या डब्याखालचा रंग

सलमाबादला सकाळी साडेसातलाच
पत्रा हात लावू देत नाही.
परकारनं शटर अर्धंच वर केलेलं;
माळ्यावर काही शोधायला शिरावं
तशी वाकून आत गेले.

"किती वर्षं झाली?" त्यानं विचारलं,
गाडीला की मला, कळलं नाही.
दोन्हीचं उत्तर एकच होतं : सतरा.

डॅशबोर्ड काचेच्या बाजूनं तडकत आला होता.
आधी एक केस, मग त्याला फाटे.
गेल्या ऑगस्टात, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये,
पापड मोडल्यासारखा आवाज झाला,
आणि मी नमुन्यांची पेटी मांडीवर घट्ट धरून
उगाच मागच्या सीटकडे पाहिलं.

जोबी म्हणाला, गाडी घेतो सिस्टर,
पण हे बघून बायको आत बसायची नाही,
दीडशे दिनार कमी करा.
(मी लॅबमधली. सिस्टर नाही.
सतरा वर्षांत तेवढं दुरुस्त करायचं राहूनच गेलं.)

"बदलायचा तर भंगारात एक आहे,"
परकार बाणकोटी हेल काढत म्हणाला,
"पंचेचाळीस. ठोकलेल्या गाडीतला.
भरून घ्यायचा तर अठ्ठावीस, नि दोन दिवस."
ठोकलेल्या गाडीचं तो पुढे काही बोलला नाही.
मीही विचारलं नाही.
भरा, म्हटलं.

मग त्यानं टिश्यूचा डबा उचलला.

खाली एक चौकोन. गडद,
पिकल्या खजुराचा तपकिरी,
आणि भोवती सगळीकडे
चहात बुडवून वाळवलेल्या खारीचा रंग.
म्हणजे अशी होती ही गाडी!
शोरूममधून आणली त्या रात्री
आम्ही रंगाच्या नावावरून भांडलो होतो.
सुधाकर म्हणे चॉकलेटी, मी म्हणे काथाचा.
तो चिपळूणला जाऊन नऊ वर्षं झाली;
फोनवर आता आम्ही
फक्त गॅस सिलिंडरबद्दल सहमत होतो.

"कुठला मारू?" परकारनं विचारलं.
"हा होता तो, की हा झालाय तो?"

मी चौकोनावर बोट ठेवलं.

त्यानं दारं दाखवली, सीटं दाखवली,
गियरभोवतीचं कातडं.
"सगळंच विटलंय ताई.
एकट्याला नवा रंग दिला
तर बाकीची गाडी म्हातारी दिसेल.
लोकांना तडा चालतो,
ठिगळ चालत नाही."

दोन दिवसांनी गेले तेव्हा
तो गरम हवेच्या बंदुकीनं
शेवटची कड बसवत होता.
भेगा त्यानं आधी आणखी रुंद केलेल्या,
मग भरलेल्या, घासलेल्या,
वर बारीक दाणा उठवलेला, संत्र्याच्या सालीसारखा.
फक्त पॅसेंजरच्या समोर एक सरळ रेघ तशीच होती.
"ती एअरबॅगची. ती मी बुजवत नाही.
वेळेला उघडायला पाहिजे."

चौकोन नव्हता.
तोही खारीच्या रंगाचा झाला होता,
इतका नीट, की मी हात फिरवून शोधला
आणि सापडला नाही.

एका वाटीत त्यानं जाळीतून निघालेलं काढून ठेवलं होतं :
शंभर फिल्सची तीन नाणी, एक चापाची पिन,
पार्किंगची पावती, अक्षरं उडून कोरी झालेली.
"पैसे मोजून घ्या," तो म्हणाला.
मी पिन घेतली. माझी नव्हती बहुतेक.
नाणी चहाला ठेवली.

"चोवीस तास वर काही ठेवू नका हां."

सिग्नल लाल झाला.
घाम पुसला,
आणि डबा,
हातानंच,
मला न विचारता,
जागेवर ठेवला.

हिरवा झाल्यावर उचलला.
ओल्या रंगात दोन कोपरे उमटले होते,
त्यातला एक अगदी स्वच्छ.
मागचे हॉर्न वाजवत होते.
जोबीला सांगायचं का,
हे ठरवायला घरापर्यंतचा रस्ता होता.