कार्ड घातलेलं नाही

बाजारात जाताना खिशात लोहचुंबक होतं.
थोरल्या दिरानं बजावलं होतं :
पत्र्यावरून फिरव, जिथे चिकटणार नाही
तिथे रंगाखाली लांबी भरलीय असं समज.
उणे बावीस. हातमोज्यातून ते दोनदा बर्फात पडलं.
मागच्या डाव्या दाराशी घसरलं
ते थेट माझ्या बुटावर.
विकणारा आभाळाकडे बघत म्हणाला,
"एवढं तर माणसांतही निघतं, ताई."
त्या एका दारापायी मी सहा लाख तुग्रिक तोडून घेतले
आणि गाडी घेतली.
जपानात चौदा वर्षं चाललेली, पांढरी,
आमच्या उलानबातरमधल्या दर तिसऱ्या गाडीसारखी.

स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ताही उजवीकडचा.
ट्रक ओलांडायचा तर शेजारच्याला विचारायचं, "येतंय का कुणी?"
शेजारी कुणी नसलं
तर मुकाट त्याचा धूर खात जायचं.
पडद्यावरच्या नकाशात आमचा देशच नव्हता.
गाडीचा बाण करड्या कोऱ्या जागेतून सरकायचा,
दारी-एखची चढण तो चढतोय
हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि ती बाई.
बटण दाबलं की बोलायची.
रोज एकच वाक्य, मंजुळ, शेवटी जरासं झुकलेलं.
येसुईनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं :
मावशी म्हणते, जपून जा.
दप्तर मांडीवर घेऊन ती रोज उत्तर द्यायची,
"हो मावशी, तुम्हीपण."
पुढे पुढे मीही पुटपुटायला लागले.

फेब्रुवारीत लाल त्रिकोण पेटला.
ल्हाग्वासुरेननं मागची सीट उपटली, झाकण काढलं.
आत अठ्ठावीस खोकी, शाळेच्या रांगेसारखी
खांद्याला खांदा लावून.
तो एकेकाला मीटर लावत गेला.
अकरावं मेलेलं. सतरावं मरायला टेकलेलं.
तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं चढलेलं,
ते त्यानं जुन्या दात घासायच्या ब्रशानं खरवडलं.
"नव्या पेटीची किंमत सांगू?"
"नको."
"मग दुसऱ्या गाडीतली दोन घालतो. ती गाडी गेली,
तिची खोकी जिवंत आहेत."
"किती दिवस चालतील?"
त्यानं ब्रश झटकला.
"तुमचा दीर किती दिवस चालेल, सांगता येतं?"

सगळं जोडून त्यानं बटण दाबलं.
बाई बोलली.
तो खो खो हसला. निइगातामध्ये तीन वर्षं भांडी घासली होती त्यानं.
"काय म्हणते ठाऊक आहे? टोलचं कार्ड घातलेलं नाही.
एवढंच. चौदा वर्षं तेच.
वायर कापू? पैसे नकोत."

येसुई तेलकट टायरवर बसली होती.
ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,
"म्हणजे आपण रोज तिला काहीतरी भलतंच उत्तर देत होतो?"
ल्हाग्वासुरेननं पक्कड पुसली, फडक्यात गुंडाळली.
"राहू दे," तो म्हणाला. "कामाची आहे.
थंडीत ही अडखळली
की समजा, छोटी बॅटरी बसत आलीय.
मीटरच्या आधी हिला कळतं."

आज उणे चौतीस.
बॉनेटवर रात्रभर घातलेली रजई लाकडासारखी ताठ झालेली,
ती दोघींनी मिळून उचलून भिंतीला उभी केली.
बटण दाबलं.
बाईनं सुरुवात केली, मध्येच खर्जात गेली,
अर्ध्या शब्दावर थांबली.
पडदा विझला.
"मावशीला बरं नाही," येसुई म्हणाली,
आणि मी विचारायच्या आधीच
ती शेजारच्या गंबातचं फाटक वाजवत होती,
"काका, वायरी द्या,
लाल आणि काळी, दोन्ही!"