मानस

खाजनाच्या बांधातल्या दाराला आमच्याकडे मानस म्हणतात.
पुण्याच्या मैत्रिणीला वाटलं, मी मनाबद्दल बोलतेय.
नाही गं, लाकडाचं.
दोन फळ्या, तळाशी शेवाळ,
खेकड्यांनी पोखरलेली एक कड.
बाबा, सगुण मानशेकार, चोडणचे,
सदतीस वर्षं त्या दाराशी भरती-ओहोटी मोजतात.

फोनवर त्यांनी विचारलं,
"तुमच्या दिल्लीत दोन घरं कशाला?
एका घरात भांडण मावत नाही म्हणून?"
मी सांगायला लागले:
खालचं लोकांचं, पाच वर्षांनी विस्कटतं, पुन्हा भरतं.
वरचं राज्यांचं, ते कधीच मोडत नाही,
दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठतो, नवा बसतो.
"म्हणजे पाणी बदलतं, तळं तेच.
आणि आमचे किती?"
खाली दोन. वर एक.
"एकच?"
एकच. आणि त्याला तुम्ही नाही निवडलं,
तुम्ही निवडलेल्या चाळिसांनी निवडलं.
थोडा वेळ फोनवर नुसता फेरीबोटीचा भोंगा.
मग: "माझ्या बोटाची शाई
तिथवर जाईस्तोवर बरीच फिकी होत असेल."

मी वरच्या घरात काचेमागे बसते. दुभाषी.
सभासद "मी" म्हणाला की मलाही "मी" म्हणावं लागतं.
अकरा वर्षांत चहाच्या मळ्याची मी झाले,
कोळशाच्या गावाची,
एकदा तर आख्ख्या वाळवंटाची.

इथला गालिचा लाल, जांभ्याच्या चिऱ्यासारखा.
खालच्या घरात हिरवा, पोटरीला आलेल्या भातासारखा.
विधेयक हिरव्यावरून येतं,
कधी आरडाओरड्याच्या भरतीवर पळत,
आणि लाल कडेशी थबकतं.
दार त्याला नाही म्हणत नाही, थांब म्हणतं.
(पैशाच्या विधेयकाला तेही फार नाही.
चौदा दिवस, मग ते फटीतून निघून जातं.)

चवथीला घरी गेले तेव्हा ही उपमा बाबांना ऐकवली.
मला ती फार आवडली होती.
ते तंबाखू मळत राहिले.
"दार अडतंही. त्या वर्षी जलपर्णी अडकली,
दोन दिवस उघडलंच नाही.
खारं पाणी बाहेर राहिलं, खरं आहे.
पण आतलं पावसाचं आतच. कोरगुट कुजलं.
दाराला दोन्हीकडचा रेटा कळायला हवा."

मग एका गुरुवारी, संध्याकाळी सहाला,
ओस बाकांत एक हात.
गोव्याचा एकुलता.
कोकणीतून बोलायची नोटीस त्याने आधीच दिलेली.
तीन मिनिटं. विषय: चोडणचा फुटका बांध.
"आमची मानस," तो म्हणाला.
मी दुसऱ्या भाषेत "आमची" म्हटलं
आणि शब्द जिभेवरून हलेना.
मानसला तिकडे शब्दच नव्हता. मानसच ठेवलं.
घंटा. लाल दिवा. माईक गेला,
"आणि जर या पावसाआधी" इथेच.
पुढचं मला पाठ होतं.
मिंगेलचं शेत, मग आमचं, मग कपेलामागचं सगळं,
पाणी कुठून शिरेल तेसुद्धा.
पण बोललं गेलं नाही ते दुभाष्याला बोलता येत नाही.
मी बटण बंद केलं.

चार महिन्यांनी उत्तर आलं:
सदर बाब राज्य शासनाच्या अखत्यारीत येते.
बांधावर उभं राहून मी ते वाचून दाखवलं.
बाबांनी एवढंच विचारलं,
"ते अर्धं वाक्य छापलंय?"
छापलंय. पुढे तीन टिंबं.
"पुसत नाहीत ना?"
नाही.
"बरं."

मिंगेल पाटीभर चिखल घेऊन आला.
भरती पाच चाळीसला होती.
दोघं दाराशी वाकले,
मी वरून पेंढा देत राहिले.